हरवलेली नाडी

रोग्याच्या मनगटावर वैद्याची तीन बोटे टेकली, की घरातली माणसे त्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागतात. नाडी लागत नाही म्हणजे प्राण नाही, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. परंतु माणूस चालतो, बोलतो, जेवतो आणि त्याची नाडी मात्र हाताला लागत नाही, असाही एक रोग आहे. ऐन तारुण्यात अर्धांगवायू ओढवणाऱ्या कारणांत त्याची गणना होते. वैद्यकाला त्याची ओळख फार सावकाश पटली.

इसवी सन १८५६ मध्ये लंडनचे शल्यवैद्य विल्यम सेव्हरी ह्यांनी एका तरुण स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिच्या दोन्ही हातांच्या आणि मानेच्या डाव्या बाजूच्या मुख्य रोहिण्या पार बुजून गेल्या होत्या. पुढे १८६६ मध्ये जर्मनीत कुसमाउल आणि मायर ह्या दोघांनी, रोहिणीच्या भिंतीलाच दाह होऊन तिच्यावर गाठी येतात, असे एका रोग्याच्या शवपरीक्षेवरून दाखवून दिले. रक्तवाहिनी ही केवळ रक्त वाहून नेणारी नळी नव्हे. तिला स्वतःलाही आजार जडतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

खरा धागा मात्र जपानात हाती लागला, आणि तोही नेत्रवैद्यांच्या. १९०८ मध्ये फुकुओका येथे त्यांची परिषद भरली होती. कानाझावा येथील प्राध्यापक मिकितो ताकायासु ह्यांनी तीत दृष्टी मंदावलेल्या एका तरुणीची हकीकत सांगितली. तिच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्या एकमेकींत गुंफून त्यांचे जणू कडे तयार झाले होते. त्यावर ओनिशी आणि कागोशिमा ह्या सहव्यवसायींनी असेच रोगी आपणही पाहिल्याचे सांगितले, आणि एक विलक्षण गोष्ट जोडली: त्यांच्या मनगटाची नाडी लागत नव्हती.

डोळा आणि मनगट ह्यांचा संबंध काय? उत्तर दोहोंच्या उगमाकडे होते. हृदयातून निघणारी महारोहिणी आणि तिच्या मोठ्या शाखा दाहाने जाड होतात, आतून अरुंद होतात आणि अखेर बुजतात. मग हाताची नाडी हरपते आणि डोळ्याला रक्त अपुरे पडू लागले, की तेथील बारीक वाहिन्या आडवाटा काढू पाहतात. मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीचीही हीच गत झाली, की अर्धे अंग लुळे पडते, वाचा जाते. १९५१ मध्ये शिमिझु आणि सानो ह्यांनी ह्या व्याधीला 'नाडीहीन रोग' असे नाव दिले. आज ती ताकायासुंच्या नावाने ओळखली जाते.

पण हा दाह पेटवतो कोण? विसाव्या शतकाच्या आरंभी पाउल एर्लिख ह्यांनी, शरीर स्वतःवर शस्त्र धरण्यास कचरते, असा सिद्धान्त मांडला होता. त्याच्या दडपणाखाली, रक्षकच घरावर उलटू शकतो, ही कल्पना कित्येक वर्षे बहुतेकांना पटेना. १९५६ मध्ये विटेब्स्की आणि रोझ ह्यांनी सशांवरील प्रयोगांनी तिला बळकटी आणली. रोहिणीच्या भिंतीत शिरून तिची नासाडी करणाऱ्या पेशी शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक दळातल्या असतात, हे आता मान्य झाले आहे. त्या का बिथरतात, ह्याचा मात्र पुरता उलगडा झालेला नाही.

उपायाची वाट दुसऱ्याच दिशेने आली. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांध्यांच्या दुखण्याने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन दिले आणि काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. ह्या कार्याबद्दल केंडल, राइखस्टाइन आणि हेंच ह्यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्याच वर्गातली औषधे आज रोहिणीच्या दाहावरही मुख्य आधार आहेत. बिथरलेल्या संरक्षक दळाला आवर घालणारी इतर औषधेही त्यांच्या जोडीला आली आहेत. परंतु दाह शमला तरी व्रण पडून आक्रसलेली रोहिणी पूर्ववत होतेच असे नाही. म्हणून सारे महत्त्व वेळेला आहे.

ही वेळ चुकण्याचे एक कारण फसवे असते. मूत्रपिंडांकडे जाणारी रोहिणी अरुंद झाली, की शरीरातील रक्तदाब भयंकर चढतो. पण हाताची रोहिणी बुजलेली असल्यामुळे दंडावर बांधलेला पट्टा तो कमीच दाखवतो. वैद्य निर्धास्त, रोगीही निर्धास्त. आणि एखाद्या दिवशी मेंदूतील रक्तवाहिनी फुटते. दोन्ही हातांच्या रक्तदाबात मोठी तफावत आढळली, तर पायांचाही रक्तदाब मोजावा लागतो, तो ह्यासाठीच.

हा रोग विरळा खरा. परंतु तो बहुधा चाळिशीच्या आतील स्त्रियांना गाठतो, आणि जपानप्रमाणे भारतातही त्याचे रोगी पाश्चात्त्य देशांहून अधिक आढळतात. हात भरून येतो, घेरी येते, ताप रेंगाळतो, वजन घटते, अशा तक्रारी घरच्या कामाच्या रगाड्यात अशक्तपणा म्हणून सोडून दिल्या जातात. अशा वेळी दोन्ही मनगटांवर बोटे ठेवून पाहण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. यंत्रे पुढे आहेतच. पण त्यांच्याकडे पाठवण्याची बुद्धी व्हावी लागते, आणि ती पुष्कळदा न लागणाऱ्या नाडीनेच होते.