अज्ञान कोणाचे? अमळनेरातील एक प्रश्न

अमळनेर म्हटले की साने गुरुजी आठवतात. परंतु गुरुजी या गावी प्रथम आले ते शिकवण्यासाठी नव्हे, तर तत्त्वज्ञान मंदिरात शिकण्यासाठी.

गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ साली ही संस्था स्थापन केली. कापडाच्या पैशावर शांकर अद्वैताचे अध्ययन! खानदेशाच्या इतिहासात याची नोंद फारच थोडक्यात होते. १९२५ पासून येथून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा मोठा तत्त्वचिंतक काही काळ येथे संचालक होता.

येथे चर्चिला गेलेला एक प्रश्न मुळात अद्वैताच्या वर्मावर बोट ठेवणारा. ब्रह्म हेच एकमेव सत्य आणि तेही ज्ञानस्वरूप. मग अज्ञान राहते कोठे? वाचस्पतिमिश्रांची ‘भामती’ म्हणते, जीवात. पण जीव हे जीवपण अज्ञानामुळेच ना? प्रकाशात्म्याची ‘विवरण’ परंपरा म्हणते, ब्रह्मातच. मग प्रकाशाच्या पोटी अंधार आला कसा?

१९३३ साली संस्थेतील जी. आर. मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांचे ‘अज्ञान’ याच नावाचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. तिघांचे तीन स्वतंत्र निबंध. एका छपराखाली राहूनही एकच उत्तर देण्याची सक्ती नव्हती, हे मला विशेष वाटते.

मूर्तींची पुढची ख्याती तर १९५५ च्या ग्रंथामुळे, आणि त्याचा विषय वेदान्त नव्हे, नागार्जुनाचे शून्यवादी माध्यमिक दर्शन. मलकानी मात्र अमळनेरातून अद्वैताचीच बाजू मांडत राहिले.