पिवळा धोत्रा आणि मोहरीचे तेल

महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात शेंगदाण्याच्या वा करडईच्या तेलाला जे स्थान आहे, तेच बंगाल, बिहार आणि उत्तर प्रदेशात मोहरीच्या तेलाला आहे. या मोहरीच्या शेतांत व बांधांवर एक काटेरी रोप आपोआप उगवते. त्याची फुले पिवळीधमक, पाने पांढुरक्या शिरांची, आणि देठ मोडला असता त्यातून पिवळा चीक निघतो. मराठीत त्याला पिवळा धोत्रा म्हणतात. परंतु धोत्र्याशी त्याचे नाते नाही, ते अफूच्या कुळातील आहे. मूळचे मेक्सिकोकडील हे रोप भारतभर पसरले आणि हिंदीत त्याला सत्यानाशी हे नाव मिळाले. हे नाव किती यथार्थ आहे, हे समजून घेण्यास वैद्यकाला साठ वर्षे लागली.

१८७७ साली कलकत्त्यात एका चमत्कारिक रोगाची साथ आली. रोग्याचे पाय सुजत, जुलाब होत, धाप लागे आणि कित्येकांचे हृदय थकून त्यातच अंत होई. काहींना पुढे काचबिंदूही होई. लवकरच मॉरिशस बेटावरील भारतीय मजुरांतही हीच व्याधी दिसली. इंग्रज वैद्यांनी तिला ‘एपिडेमिक ड्रॉप्सी’, म्हणजे साथीची सूज, असे नाव दिले. रोगाला नाव मिळाले, पण कारण मिळाले नाही.

कोणी जंतूंना दोष दिला, कोणी ती बेरीबेरी मानली, तर कोणी साठवणीत बिघडलेल्या तांदळावर संशय घेतला. वास्तविक रोगाच्या वागणुकीतच उत्तर दडलेले होते. तो एकाच घरातील अनेकांना एकदम गाठी; मात्र अंगावर पिणारी तान्ही मुले त्यातून सुटत. म्हणजे दोष हवेत नव्हता, ताटात होता. मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक लायन यांनी १८८९ मध्येच या बियांच्या तेलापासून होणाऱ्या विषबाधेची नोंद केली होती. परंतु तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९२६ मध्ये एस. एल. सरकार यांनी साथीचा संबंध या तेलाशी जोडला, आणि १९३७ पासून लाल व रॉय यांनी कलकत्त्यात केलेल्या संशोधनाने त्याला प्रयोगांचा आधार दिला. १९३९ मध्ये चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनीही त्याला दुजोरा दिला.

आता प्रश्न रसायनशास्त्राचा होता. तेल म्हणजे मुख्यतः ग्लिसरीन व मेदाम्ले यांचा संयोग होय. धोत्र्याच्या तेलातील मेदाम्लांत लिनोलेइक आम्ल सर्वांत अधिक, आणि त्याखालोखाल ओलेइक. लिनोलेइक आम्ल शरीराला अत्यावश्यक असल्याचे अमेरिकेत जॉर्ज व मिल्ड्रेड बर यांनी १९३०च्या सुमारास दाखवून दिले होते. तेव्हा केवळ मेदाम्लांचा हिशेब मांडला, तर हे रानटी तेल पौष्टिकच ठरावे! परंतु विष मेदाम्लांत नव्हतेच. ते तेलाबरोबर बियांतून उतरणाऱ्या अल्पशा अल्कलॉइडांत होते. १९४८ साली एस. एन. सरकार यांनी या तेलातून सँग्विनरीन व डायहायड्रोसँग्विनरीन ही द्रव्ये वेगळी काढून पहिल्याचा विषारीपणा सिद्ध केला. त्यामुळे केशवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव बाहेर झिरपतो आणि सूज येते. कढईतील नेहमीच्या उष्णतेने हे विष पुरते नष्ट होत नाही.

भेसळ पकडण्याची रीत मात्र सोपी आहे. तेलात तितकेच तीव्र नत्राम्ल घालून हलवले, की धोत्र्याच्या तेलाचा अंश असल्यास आम्लाच्या थराला नारिंगी ते तांबडा रंग चढतो. मात्र अंश पाव टक्क्याहून कमी असेल तर ही कसोटी फसते. तेथे कागदावरील वर्णलेखनासारखी अधिक सूक्ष्म पद्धत वापरावी लागते. बियाही सारख्याच काळ्या, बारीक व गोल. धोत्र्याच्या बीवर जाळीदार नक्षी असते. पण ती पाहावयाची तर बी हातात घ्यावे लागते. घाणीतून निघालेल्या तेलात ती खूण कोठे शोधायची?

हे सर्व ज्ञात होते, भेसळ प्रतिबंधक कायदाही १९५४ पासून होता. तरीही १९९८ च्या पावसाळ्यात खुद्द दिल्लीत हीच साथ उसळली. सुमारे ६० माणसे दगावली आणि ३,००० च्या आसपास लोकांना रोगाने गाठले. त्यानंतर त्याच वर्षी खाद्यतेल बंद वेष्टनात विकण्याविषयीचा आदेश निघाला.

रानावनातील बियांत पुष्कळ तेल आहे, आणि मोह, साल, कोकम यांच्या बियांनी माणसाला उत्तम स्निग्धांश दिलाही आहे. परंतु तेलाची योग्यता त्याच्या मेदाम्लांवरच ठरत नाही. त्याच्याबरोबर आणखी काय उतरले, हेही पाहावे लागते. कलकत्त्याने साठ वर्षे मोजून मिळविलेले हे ज्ञान दिल्लीला वेळेवर उपयोगी पडले नाही, कारण शास्त्र प्रयोगशाळेत राहिले आणि तेल बाजारात गेले.