लॉयल्टी (जहाज)

लॉयल्टी : भारतीय मालकीच्या आधुनिक सागरी नौवहनाच्या इतिहासातील एक प्रसिद्ध वाफेचे जहाज. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. या घटनेच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळण्यात येतो. तथापि हे जहाज नवे नव्हते. त्यापूर्वी सुमारे अठ्ठावीस वर्षे ते समुद्रावर होते आणि त्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ पॅसिफिक महासागरावर, ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने गेला होता, ही गोष्ट सामान्यतः अपरिचित आहे.

इंग्लंडमधील बॅरो-इन-फर्नेस येथील गोदीत कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे कंपनीसाठी हे जहाज बांधण्यात आले व ३० ऑगस्ट १८९० रोजी त्याचे जलावतरण झाले. ‘एम्प्रेस ऑफ जपान’ व ‘एम्प्रेस ऑफ चायना’ ही त्याची दोन भावंडे होत. इंग्लंडहून हाँगकाँगकडे जाणारे टपाल कॅनडामार्गे नेण्याचा करार या कंपनीने ब्रिटिश सरकारशी केला होता व त्यापोटी तिला वार्षिक अर्थसाहाय्य मिळत असे. जहाजाची लांबी सुमारे १३९ मी., नोंदणीकृत एकूण टनभार ५,९०५ व वेग ताशी १६ सागरी मैल होता. त्याला दोन मळसूत्री पंखे, दोन धुराडी व तीन डोलकाठ्या होत्या. पहिल्या वर्गाच्या १२०, दुसऱ्या वर्गाच्या ५० आणि तळवर्गाच्या ६०० उतारूंची सोय त्यात होती. १८९१ पासून व्हँकूव्हर, योकोहामा, शांघाय व हाँगकाँग या मार्गावर ते नियमित ये-जा करी. व्हिक्टोरिया राणीच्या ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ या पदवीवरून त्याचे नाव ठेवलेले असले, तरी हिंदुस्थानचा किनारा त्याच्या या नियमित मार्गावर नव्हता.

पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभी ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी हे जहाज विकत घेतले. हिंदी सैनिकांसाठी त्याचे रुग्णालय-जहाजात रूपांतर करण्यात आले आणि १९१५ मध्ये त्यास ‘लॉयल्टी’ म्हणजे ‘राजनिष्ठा’ हे नाव मिळाले. युद्ध संपल्यानंतर ते विक्रीस निघाले. त्या वेळी युरोपकडे जाण्यासाठी जहाजांत जागा मिळणे दुरापास्त झाले होते. ही संधी ओळखून वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास यांनी ते घेतले आणि मार्च १९१९ मध्ये ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ स्थापन केली. ‘सिंदिया’ हे शिंदे या मराठी आडनावाचेच इंग्रजी वळणाचे रूप होय.

या उपक्रमाचे दोन प्रमुख प्रवर्तक समुद्रापासून दूर असलेल्या सोलापूरशी निगडित होते. वालचंद हिराचंद (२३ नोव्हेंबर १८८२–८ एप्रिल १९५३) यांचा जन्म सोलापूर येथील व्यापारी जैन कुटुंबात झाला. लक्ष्मण बळवंत फाटक यांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचे कंत्राट घेऊन त्यांनी स्वतंत्र व्यवसायास आरंभ केला. नरोत्तम मोरारजी यांचे वडील मोरारजी गोकुळदास हे सोलापुरातील पहिल्या कापड गिरणीचे, म्हणजेच लोकांच्या बोलण्यातील ‘जुन्या गिरणी’चे संस्थापक. कापूस, सूत व कापड यांच्या व्यापाऱ्यास परदेशी कंपन्या ठरवतील ते जहाजभाडे मोजावे लागे. त्यामुळे स्वतःची जहाजे असणे ही या वर्गाची प्रत्यक्ष गरज होती.

‘पहिले भारतीय जहाज’ असे ‘लॉयल्टी’चे वर्णन केले जाते, ते मर्यादित अर्थानेच खरे आहे. जमशेटजी टाटा यांनी १८९३ च्या सुमारास भाड्याच्या जहाजांनी चीन-जपानकडे वाहतूक सुरू केली होती, परंतु पी. अँड ओ. कंपनीने भाडी उतरवल्यामुळे ती बंद पडली. व्ही. ओ. चिदंबरम् पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये तुतिकोरिन येथे स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढून कोलंबोपर्यंत जहाजे चालविली. तिचाही ब्रिटिश स्पर्धेपुढे व सरकारी दडपणापुढे निभाव लागला नाही. भारत व युरोप यांमधील दीर्घ मार्गावर भारतीय मालकीचे वाफेचे जहाज नेण्याचा प्रारंभ मात्र ‘लॉयल्टी’ने केला.

व्यापारी दृष्ट्या हे जहाज यशस्वी ठरले नाही. त्याची कारणे त्याच्या मूळ रचनेत आढळतात. वेळापत्रकानुसार धावणारी अशी उतारू जहाजे टपाल व श्रीमंत प्रवासी यांच्यासाठी बांधली जात. वेगासाठी त्यांना कोळसा भरपूर लागे, खलाशी व नोकरवर्ग मोठा असे आणि मालासाठी जागा त्यामानाने थोडी असे. टपालाच्या सरकारी अर्थसाहाय्यावर हा खर्च भागत असे. ‘लॉयल्टी’पाशी असा करार नव्हता आणि यंत्रे जुनी झाली होती. अखेर ते मुंबईत नांगरून ठेवावे लागले व १९२३ मध्ये मोडीत निघाले.

कंपनी मात्र टिकली. तिने पॅलेस शिपिंग कंपनीकडून सहा मालवाहू जहाजे घेऊन किनारी वाहतुकीत प्रवेश केला. तेथे लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीशी तिला भाडेयुद्ध करावे लागले. १९२३ मध्ये झालेल्या दहा वर्षांच्या करारान्वये सिंदियाला किनारी वाहतुकीत स्थान मिळाले. पण तिच्या जहाजांच्या एकूण भारावर ७५,००० टनांची मर्यादा पडली आणि दूरच्या सागरी मार्गांपासून तिला अलिप्त राहावे लागले. म्हणजे ज्या मार्गावर ‘लॉयल्टी’ गेले, तोच मार्ग कंपनीला काही काळ बंद झाला. या कराराबद्दल प्रवर्तकांवर टीकाही झाली. तथापि त्यामुळे मिळालेल्या अवधीत कंपनीचा पाया पक्का झाला. किनारी वाहतूक स्वदेशी जहाजांसाठी राखून ठेवावी, ही मागणी पुढे विधिमंडळात साराभाई हाजी यांच्या १९२८ च्या विधेयकाने मांडली गेली. ते विधेयक संमत झाले नाही. पण १९४७ च्या जहाजवाहतूक धोरण समितीने याच तत्त्वाचा पुरस्कार केला. दरम्यान १९४१ मध्ये सिंदियाने विशाखापट्टनम् येथे जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी केली आणि तेथे बांधलेल्या ‘जलउषा’ या जहाजाचे जलावतरण १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले.

सम्राज्ञीच्या पदवीचे आणि नंतर राजनिष्ठेचे नाव धारण करणारे हे जहाज अखेरीस ब्रिटिश नौवहनाच्या मक्तेदारीला आव्हान देण्याच्या कामी आले. नफा न मिळवताही ‘लॉयल्टी’ने भारतीय भांडवल सागरी व्यवसायात आणले, हेच त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.