सुल्लाचे पाय आणि एडिप्सोसचं स्वस्त हॉटेल

ग्रीसच्या एविया बेटावर एडिप्सोस नावाचं गाव आहे, गरम पाण्याच्या झऱ्यांचं. समोरच्या आर्कित्सा बंदरातून फेरीबोटीनं साधारण पाऊण तास.

इथला सगळ्यात गाजलेला पाहुणा म्हणजे रोमन सेनापती सुल्ला. इ.स.पू. ८६ मध्ये यानं अथेन्स जिंकलं, लुटलं, रक्ताचे पाट वाहिले. पुढं त्याच अथेन्समध्ये मुक्कामाला असताना पाय बधिर होऊन जड पडायला लागले, तेव्हा साहेब इथं आले. झऱ्यात डुंबायचं नि नाटकवाल्यांच्या संगतीत वेळ घालवायचा, असं प्लुटार्क सांगतो. एकदा समुद्रकाठी फिरताना काही कोळ्यांनी त्याला झकास मासळी भेट दिली. कुठले तुम्ही? तर हालाय गावचे. सुल्ला चकित! हालायचा माणूस अजून जिवंत? कारण ते गाव त्यानंच बेचिराख केलं होतं. कोळ्यांची बोबडीच वळली. तो हसला, मासळीकडे बघून त्यांना सोडून दिलं. आणि तेवढ्या धीरावर हालायची माणसं आपल्या गावात परत राहायला गेली.

आज एडिप्सोसच्या सगळ्यात आलिशान हॉटेलला नाव मात्र सुल्लाचं. कोळ्यांचं कोण ठेवणार!

पण गाव चालतं ते साध्या, लहान हॉटेलांवर. बऱ्याच ठिकाणी खाली न्हाणीघर, वर खोल्या. गिऱ्हाईक म्हणजे गुडघे-कंबर धरलेले पेन्शनर. ही रीतही जुनीच. राहायची घरं आणि वसंतातली गर्दी हे सगळं प्लुटार्कनं लिहून ठेवलंय.

ऑगस्ट २०२१ मध्ये उत्तर एवियाचं जंगल पेटलं. लोकांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. पाइनचा डिंक काढणारे, मधमाश्या पाळणारे यांचं पोटच जळालं. पाहुणेही आटले. तेव्हा सरकारच्या रोजगार खात्यानं आपल्या पर्यटन कूपनात या भागाला खास सवलत दिली: कामगार-बेरोजगारांना इथं जास्त रात्री, आणि खोलीसाठी स्वतःच्या खिशातून काही नाही. कुणी याला रेवडी म्हणेल. म्हणू दे. एकाच कूपनात ज्याला परवडत नाही त्याला स्नान आणि होरपळलेल्या भागातल्या लॉजवाल्याला गिऱ्हाईक मिळतं, यात वाईट काय?

आणि कूपनही नसेल, तर किनाऱ्यावर जा. झऱ्याचं गरम पाणी थेट समुद्रात पडतं. तिथं डुंबायला तिकीट नाही.