ताटाशेजारचा आकडा

छत्रपती संभाजीनगरच्या जालना रस्त्यावर, देशभर शाखा असलेल्या एखाद्या पिझ्झा-बर्गरच्या दुकानात गेल्यास पदार्थाच्या नावापुढे दोन आकडे दिसतात. एक किमतीचा, दुसरा उष्मांकांचा. जुन्या शहरात नान-खलिया मिळतो किंवा गुलमंडीच्या परिसरात राइसप्लेट मिळते, तेथील पाटीवर मात्र एकच आकडा असतो. हा फरक मालकांच्या वृत्तीचा नसून कायद्याचा आहे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२०च्या विनियमांनुसार, केंद्रीय परवाना असलेल्या अथवा दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी एका वाढणीचे माप आणि तिच्यातील उष्मांक मेनूवर देणे बंधनकारक आहे. मुदतवाढीनंतर १ जुलै २०२२पासून हा नियम अमलात आला. सोबत एक वाक्यही छापावे लागते. सक्रिय प्रौढ व्यक्तीला दिवसाला सरासरी २००० किलोकॅलरी लागतात, मात्र ही गरज व्यक्तिपरत्वे बदलू शकते, असा त्याचा आशय.

हा आकडा असावा की नसावा, या वादात आपल्याकडे सहसा न्यूयॉर्कचा दाखला दिला जातो. तेथे २००८मध्ये साखळी उपाहारगृहांना अशी सक्ती झाली. पुढे २०१८मध्ये सगळ्या अमेरिकेत आणि २०२२मध्ये इंग्लंडमध्ये मोठ्या व्यावसायिकांना झाली. त्यामुळे हे परदेशातून आलेले एक खूळ आहे, अशी समजूत होते. जुलै २०२५मध्ये नागपूरच्या एम्समध्ये समोसा-जिलेबीवर इशाऱ्याच्या पाट्या लागणार, अशा बातम्या आल्या तेव्हाही हाच सूर उमटला. केंद्र सरकारला खुलासा करावा लागला की सूचना कार्यालयांत तेल व साखरेची माहिती देणारे फलक लावण्याची आहे, विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे छापण्याची नाही. आपल्या खाण्याला कोणीतरी बाहेरून दोष देत आहे, ही भावना त्या चार दिवसांत फार तीव्र होती.

परंतु माणसाच्या ताटाशेजारी आकडा ठेवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. ती आली दुष्काळातून.

१८७६-७८च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या किमतीवर आणि वर थोड्या किरकोळ पैशांवर आणून ठेवली. हाच तो कुप्रसिद्ध ‘टेंपल वेज’. एवढ्यावर माणूस जगू शकतो की नाही, हा जणू प्रयोगच होता. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी हे प्रमाण अपुरे असल्याचे सांगून विरोध केला. इकडे मुंबई इलाख्यात कपातीविरुद्ध मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. अन्नाची ऊर्जा कॅलरीत मोजण्याची पद्धत अमेरिकेत ॲटवॉटर यांच्या संशोधनातून रूढ होण्यास अजून अवकाश होता. आज हिशेब केला तर एक पौंड धान्याचे साधारण सोळाशे किलोकॅलरी होतात. खडी फोडणाऱ्या माणसाला सोळाशे! आजच्या मेनूकार्डावरील दोन हजारांच्या वाक्याशेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे टेंपलची मोजणी आपल्यापर्यंत तशी पोहोचली नाही. आपली आठवण १९७२ची आहे. दुष्काळी कामावरील सुकडी आणि रेशनचा लाल मिलो यांच्याविषयी आमच्या विद्यार्थ्यांचे आजी-आजोबा आजही बोलतात. सुकडीत काय घातले आहे आणि किती, याचा हिशेब कुठल्यातरी कार्यालयात निश्चितच असणार. ओंजळीत ती घेणाऱ्याला तो कोणी सांगितला नाही.

त्याच सुमारास पुण्यात या आकड्याला वेगळेच महत्त्व आले. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१मध्ये भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई दररोज २२५० कॅलरी देणारा आहार ज्या खर्चात मिळू शकतो, तो खर्च त्यांनी दारिद्र्याची सीमा मानला. १९६०-६१च्या आकडेवारीवरून ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक त्या सीमेखाली असल्याचे त्यांनी दाखवले. टेंपलने आकडा वापरला तो कमीत कमी किती दिले तर चालेल हे ठरवण्यासाठी. दांडेकर-रथांनी तोच उलटा फिरवला आणि सरकारला विचारले, एवढेही यांना का मिळत नाही? (एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७०ची. वाटी-चमच्याच्या नेमक्या प्रमाणामुळे तिने मराठी स्वयंपाकघरातील ‘अंदाजाने’ या शब्दाचे राज्य बरेच कमी केले. मराठी माणूस त्या दोन वर्षांत दोन वेगळ्या टोकांनी अन्न मोजू लागला होता.)

दांडेकरांच्या मापाला सर्वांत गंभीर आव्हान दिले तेही एका मराठी माणसानेच. सातारा जिल्ह्यातील बुधचे पां. वा. सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ १९५१पासून दोन दशके जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. त्यांचे म्हणणे असे की ‘सरासरी गरज’ ही सीमारेषा होऊच शकत नाही. एकाच निरोगी माणसाची ऊर्जेची गरज आणि तिचा वापर दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलतो. शरीर काही मर्यादेपर्यंत स्वतःला सांभाळून घेते. सरासरीखालच्या प्रत्येकाला उपाशी ठरवले, तर निरोगी माणसेही उपाशांत मोजली जातील. टीकाकारांनी उलट विचारले की कमी मिळाले म्हणून ज्याचे शरीर खुरटले आणि काम मंदावले, त्याला ‘जुळवून घेतले’ असे कसे म्हणावे? दांडेकरांनीही १९८१मध्ये दारिद्र्याच्या मापनावर पुन्हा लिहिले. मला व्यक्तिशः यात आक्षेपकांची बाजू सबळ वाटते, कारण सुखात्म्यांचा युक्तिवाद धोरणकर्त्यांच्या हाती पडला की भुकेची संख्या कागदावर सहज घटते. पण संख्याशास्त्रापुरते ते चूक नव्हते. मेनूकार्डावरील वाक्याचा पूर्वार्ध दांडेकरांचा आणि ‘व्यक्तिपरत्वे बदलू शकते’ हा उत्तरार्ध सुखात्म्यांचा आहे, असे मी वर्गात गमतीने सांगतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आकडा लावल्याने लोक कमी खातात का? फारसे नाही. २०२५मधील कॉक्रेन आढाव्यानुसार घट सरासरी १.८ टक्के, म्हणजे सहाशे किलोकॅलरीच्या जेवणात सुमारे अकरा. विरोधक यावरूनच हा खटाटोप व्यर्थ ठरवतात. मला मात्र हा निकष गैरलागू वाटतो. दीडशे वर्षे हा आकडा खाणाऱ्याविषयी होता, पण खाणाऱ्याला दाखवलेला नव्हता. तो दुष्काळी कामाच्या हजेरीपटामागे होता, नियोजन आयोगाच्या फायलीत होता. उपाहारगृहाच्या फलकावर तो प्रथमच खाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आला. तो वाचून कोणी बर्गर सोडला नाही, तरी माहिती ज्याच्या पोटाविषयी आहे त्याच्याकडे ती असणे हे स्वतंत्र मूल्य आहे.

तक्रार करायची तर ती वेगळी आहे. हा आकडा अजून परक्या भाषेत बोलतो. या शहरात मी पाहिलेल्या फलकांवर तो इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत आहे. ‘उष्मांक’ हा आपला शब्द चांगला आहे, पण तो शाळेच्या पुस्तकापलीकडे फारसा गेला नाही. शिवाय ज्या खानावळीत विद्यार्थी दोन वेळा जेवतो, ती कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. देगेत शिजणाऱ्या खलियाचे उष्मांक रोज मोजून लिहा, असे मालकाला सांगणे हा जुलूम होईल, हे मान्य. लहान व्यावसायिकाला प्रयोगशाळेचा खर्च परवडणारा नाही.

पण मापासाठी प्रयोगशाळाच लागते असे नाही. २६ जानेवारी २०२०ला दहा रुपयांत सुरू झालेल्या शिवभोजन थाळीचे शासकीय वर्णन पाहावे: प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. उष्मांकांचा उल्लेख नाही. माझ्या ढोबळ हिशेबाने ते साडेपाचशेच्या आसपास भरतात. तेल किती, यावर थोडे मागेपुढे. चपाती किती ग्रॅमची आणि वाटी केवढी, एवढे राइसप्लेटच्या पाटीवर लिहायला कोणत्याही खानावळवाल्याला एक तराजू आणि खडू पुरेल. आमच्या महाविद्यालयाच्या उपाहारगृहात हे सुचवून पाहिले. चालकाने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “सर, लिहितो की, पण मग पोरं दुसरी वाटी फुकट मागतात, ती कशात धरू?”