खारपाणाचं पाणी आणि पितळी रेडिएटर

आमचं दुकान मलकापूरला, हायवेच्या कडेला. आजोबा कल्हईवाले होते. भाता, कोळसा, कथील आणि नवसागर एवढ्या भांडवलावर त्यांनी घर चालवलं. वडिलांच्या हातात तेच सामान आलं तोवर पितळेची भांडी माळ्यावर जाऊन स्वयंपाकघरात स्टील शिरलं होतं. आमचा धंदा तेव्हाच बुडायचा. त्याला आणखी तीसेक वर्षं जगवलं ते मोटारींनी.

अँबेसेडर असो की प्रीमियर पद्मिनी, रेडिएटर तांब्या-पितळेचा. वर टाकी, खाली टाकी, मध्ये उभ्या चपट्या नळ्या, त्यांना बिलगलेल्या पातळ पत्र्याच्या पाकळ्या, आणि सगळं कथील-शिशाच्या डागाने जोडलेलं. कल्हईवाल्याच्या मुलाला यात नवं शिकायचं फारसं नव्हतंच.

दोन्ही गाड्या मुळात परदेशी. अँबेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनायची. पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट. ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या कंपनीच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून यायची. थंड मुलखात आखलेलं इंजिन आमच्याकडे मे महिन्यात मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरच्या राजूरच्या घाटाला लागायचं. मलकापूर तीनशे मीटरच्या खाली, बुलढाणा सहाशेच्या वर. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओरडते. इंजिनाला कष्ट पुरेपूर, पण वेग नसल्यामुळे जाळीतून वारा जात नाही. पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा. पट्टा सैल असला की तोही नावालाच. त्यात पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटलेला. तो तापला की पेट्रोलची वाफ व्हायची आणि कार्बोरेटर उपाशी राहायचा. मग बोनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि सावली शोधायची. घाट ओलांडून बुलढाण्याला कामाला निघालेले कितीतरी साहेब असे वळणावर ताटकळलेले असत.

पण घाटापेक्षा आमचं पोट खारपाणानं भरलं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांचा पट्टा, आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागातला, विहिरींना खारट पाण्याचा. तिथल्या कितीतरी माणसांची मूत्रपिंडं निकामी झाली. रेडिएटरचंही तेच व्हायचं. प्रत्येक उकळीला पाण्यातलं पाणी उडून जाई, क्षार मागे राही. ड्रायव्हर पुन्हा त्याच विहिरीचं ओती. दोन-तीन उन्हाळ्यांत नळ्या आतून बुजत. गाडी आली की वडील आधी विचारायचे, "पानी कुठचं भरलं होतं रे?" गावाचं नाव ऐकूनच ते मजुरी सांगत.

मग काम असं. पाणी सोडायचं, वरचा नि खालचा होज पाईप काढायचा, रेडिएटर उतरवायचा. स्टोव्हच्या ज्योतीवर वरच्या टाकीचा डाग सोडवायचा आणि प्रत्येक नळीतून पोलादी पट्टी खाली-वर फिरवायची. पांढरट भुकटी ओंजळभर निघे. जस्त टाकून मारलेलं ॲसिड लावून टाकी परत झाळायची, तोंडं बंद करायची, हवा भरून हौदात बुडवायचं. जिथे बुडबुडा तिथे गळती. गाडी उघडलीच आहे तर वॉटर पंपाच्या पोटाखालचं बारीक भोक बघायचं. त्यातून पाणी ठिबकत असेल तर सील गेलं. झाकणाचं रबरही बदलायचं. या झाकणाला लोक फार हलकं लेखतात. ते दाब धरून ठेवतं आणि दर पौंडामागे उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. रबर चिरलेलं असेल तर नवा रेडिएटरही घाटात उकळतोच.

एका बाबतीत माझं वडिलांशी कधीच पटलं नाही. त्यांच्या पिढीचे सगळे मिस्त्री गाडी आली की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून फेकत. "आपल्याकडं थंडी हायेच कुठं?" चिकटलेला थर्मोस्टॅट इंजिन जाळतो, हे खरं. पण तो नसला की डिसेंबरात बुलढाण्याच्या सकाळी इंजिन तापायलाच तयार नसतं. माणूस चोक ओढून हिंडतो, इंजिन पेट्रोल जास्त पितं आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. म्हणजे उन्हाळ्यातल्या भीतीपायी हिवाळ्यात इंजिन झिजवायचं. वडिलांना हे मी सांगत असे, ते ऐकत नसत.

1983 च्या अखेरीस मारुती आली. तिचा पंखा विजेचा, पाणी तापल्यावर आपोआप लागणारा, घाटात हळू चढतानाही पूर्ण वेगाने फिरणारा. नंतर प्रदूषणाच्या नियमांनी कार्बोरेटर घालवला आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचे झाले, वर प्लॅस्टिकची टाकी. त्याला आमचा डाग धरत नाही. फुटला की भंगारात, नवा बसवा. 2014 ला अँबेसेडरही थांबली.

आजही जिल्ह्यात कुणाच्या अंगणात जुनी अँबेसेडर किंवा पद्मिनी झाकून उभी असते. तांब्याच्या भावाला भुलून तिचा रेडिएटर विकू नका. पितळी टाकीचा तो रेडिएटर अजून दुरुस्त होतो. त्यात पावसाचं किंवा आरओचं पाणी घाला, कूलंट मिसळा, झाकण नवं घ्या आणि थर्मोस्टॅट परत बसवा. विहिरीचं पाणी मात्र घालू नका.