दुरून लिहिलेला जिल्हा

रत्नागिरी जिल्ह्याविषयीची नावाजलेली पुस्तके एका फळीवर लावली आणि त्यातले प्रत्येक पुस्तक कुठे बसून लिहिले गेले एवढेच पाहिले, तर चित्र मोठे चमत्कारिक दिसते. पालगडच्या आईची गोष्ट, म्हणजे साने गुरुजींची 'श्यामची आई', १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. गारंबीचा बापू ज्यांनी घडवला ते श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते. मुरूडचे बालपण धोंडो केशव कर्व्यांनी 'आत्मवृत्ता'त उतरवले ते पुण्याजवळ हिंगण्याला स्थिरावल्यावर. मालगुंडला जन्मलेल्या केशवसुतांचे नोकरीचे आयुष्य बहुतेक जिल्ह्याबाहेर गेले आणि शेवट हुबळीला झाला. 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' या त्यांच्या कवितेचे शीर्षकच सांगते की कवी कुठे उभा आहे आणि त्याचे गाव कुठल्या दिशेला आहे. जिल्ह्याचे जुने जाडजूड सरकारी पुस्तक, म्हणजे १८८० चे गॅझेटियर, तेही मुंबईतच संपादित झाले.

म्हणजे रत्नागिरीचा पुस्तकांतला चेहरा बहुतांशी गाव सोडून गेलेल्यांनी रेखाटलेला आहे. या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकाने ही एक गोष्ट मनाशी ठेवली, तर पुढचा सगळा पसारा त्याला आपोआप लावता येईल. आठवणीत गाव हिरवे होते, आई देवी होते, खोत दिलदार होतो. यात खोटेपणा असतोच असे नाही, पण अंतर असते, आणि अंतराचा हिशेब वाचकानेच ठेवायचा असतो.

तेव्हा सुरुवात गॅझेटियरपासून करू नये, असा माझा आग्रह आहे. 'श्यामची आई' पुन्हा वाचावी. आपण सर्वांनी ती लहानपणी रडत रडत वाचलेली असते. या वेळी रुमाल बाजूला ठेवून हिशेबाची वही घेऊन बसावे. साने घराणे खोताचे. तरीही घरात कर्ज आहे, सावकाराचा माणूस दारात आहे, घरावर जप्ती येते. एका पडत्या खोत कुटुंबात रोख पैसा किती दुर्मीळ होता, अब्रू कशात मोजली जाई, शिक्षणासाठी मुलाला बाहेर धाडणे म्हणजे घराला काय पडे, हे सगळे त्या बेचाळीस रात्रींत आहे. संस्कारांचे पुस्तक म्हणून त्याची इतकी पारायणे झाली, की त्यातला दापोली तालुक्याचा अर्थव्यवहार कुणी नीट पाहिलाच नाही असे कधी कधी वाटते. शिवाय ही गोष्ट गावात राहिलेल्या बाईची आहे आणि सांगणारा गावाबाहेर पडलेला मुलगा आहे. वर म्हटलेले अंतर इथे पानोपानी जाणवते.

खोत हा शब्द आला आहे, तर इथे थोडे थांबलेच पाहिजे, कारण खोती समजल्याशिवाय रत्नागिरीचे एकही जुने पुस्तक पुरते उघडत नाही. सरकार आणि कूळ यांच्या मध्ये उभा राहून गावाचा सारा भरणारा, आणि त्या बदल्यात कुळाकडून धान्याचा वाटा घेणारा, तो खोत. अर्धेल म्हणजे पिकाचा अर्धा वाटा, तिर्धेल म्हणजे तिसरा. कुळांतही पायऱ्या होत्या. धारेकऱ्याची स्थिती बरी, दुपटकऱ्याची त्याहून उणी, आणि ज्यांच्या हाती काहीच हक्क नव्हता त्यांच्याविषयी कागदही फारसे बोलत नाहीत. खोत हा जमिनीचा मालक की नुसता सारा गोळा करणारा मक्तेदार, यावर इंग्रज अधिकारी आणि खोत यांच्यात एकोणिसाव्या शतकात प्रचंड कागद काळा झाला. १८८० साली खोती जमाबंदीचा कायदा झाला आणि त्याच वर्षी जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, 'रत्नागिरी आणि सावंतवाडी', बाहेर पडला. त्यातले जमीन-महसुलाचे प्रकरण या भांडणाचा धुरळा खाली बसण्याआधी लिहिलेले आहे, हे ध्यानात ठेवून ते वाचावे. खोतांची बाजू समर्थपणे मांडणाऱ्यांत मुरूडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक होते. धर्मशास्त्राचे गाढे पंडित, मुंबईतले नामांकित वकील, आणि स्वतः खोत. विद्वत्ता आणि हितसंबंध एकाच माणसात इतक्या सुखाने नांदताना पाहायचे असतील, तर मंडलिकांचे लेखन जरूर वाचावे.

आता याच जमिनीकडे दुसऱ्या टोकाने पाहावे. लष्करातून निवृत्त झाल्यावर दापोलीत राहिलेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' छापले. अस्पृश्यतेच्या समर्थकांना त्यांनी एकामागून एक प्रश्न घातले आहेत, आणि त्या प्रश्नांची धार आजही बोथट झालेली नाही. दापोलीला लष्करी छावणी होती आणि पेन्शनर शिपायांची वस्ती होती. बाबासाहेब आंबेडकरांचे वडीलही निवृत्तीनंतर काही काळ तिथे राहिले. त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ ला मुंबईत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा निघाला. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. हे विधेयक आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या शासकीय ग्रंथमालेतल्या दुसऱ्या खंडात मिळते. कायद्याचा मसुदा कंटाळवाणा असतो असे ज्यांना वाटते त्यांनी तो गॅझेटियरच्या त्या प्रकरणाशेजारी उघडून ठेवावा. एकच शेत दोन्हीकडे आहे. एकात ते साऱ्याच्या आकड्यांत दिसते, दुसऱ्यात ते कसणाऱ्याच्या बाजूने.

आणि मग, या तयारीनिशी, 'तुंबाडचे खोत' घ्यावी. पेंडशांची १९८७ ची ही दोन खंडांची कादंबरी खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठी घडते. पिढ्यांमागून पिढ्या जातात, खोती चढते, माजते, सडते आणि संपते. (अलीकडे पुष्कळ तरुण वाचक 'तुंबाड' या २०१८ च्या चित्रपटामुळे या पुस्तकाकडे वळतात. त्यांचे स्वागत आहे, पण त्या चित्रपटाच्या कथेशी कादंबरीचा काही संबंध नाही, हे आधीच सांगितलेले बरे.) पेंडसे खोतांवर प्रेमही करतात आणि त्यांना सोडतही नाहीत. माझ्या मते मराठीत एखाद्या जमीनधारा पद्धतीवर लिहिलेला हा सर्वात मोठा ग्रंथ आहे, जरी तो तसा म्हणून लिहिलेला नसला तरी. कुळांच्या बाजूने मात्र त्यात फारसे दिसत नाही. ती बाजू वलंगकर आणि आंबेडकर यांच्याकडूनच भरून घ्यावी लागते.

पेंडशांची १९४९ ची 'एल्गार' आणि हमीद दलवाई यांची १९६५ ची 'इंधन' ही आणखी एक जोडी आहे. नौखालीच्या दंगलीची धग दापोलीकडच्या गावात पोहोचते तेव्हा शेजाऱ्यांचे काय होते, हे पहिलीत आहे. दुसरीत चिपळूणजवळच्या मिरजोळीचा लेखक आपल्याच गावासारख्या गावातली हिंदू-मुसलमानांची दरी आतून दाखवतो. कोकणी मुसलमानाचे घर, त्यातली भांडणे, त्याचा मान-अपमान मराठी कादंबरीत इतक्या जवळून आधी आलेला नव्हता. दोन्ही वाचल्यावर 'कोकणी माणूस साधाभोळा' हे वाक्य पुन्हा लिहिण्याचे धाडस होत नाही.

आता ज्यांना इथे आणून ठेवले गेले त्यांची फळी. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीला आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये तयार झाला, म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासातली शेवटची सहाच वर्षे त्याला त्यात मिळाली. सरकारी पत्रव्यवहारावर आधारलेले डब्ल्यू. एस. देसाई यांचे १९६७ चे पुस्तक, अमिताव घोष यांची २००० मधली 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी आणि सुधा शाह यांचे २०१२ चे 'द किंग इन एक्झाइल' ही तीन पुस्तके याच क्रमाने वाचावीत. देसायांकडे फाइल आहे, घोषांकडे गाव आहे, शाहांकडे माणसे आहेत. थिबाच्या नातीने रत्नागिरीतच, इथली भाषा बोलत, सामान्य संसारी बाईचे आयुष्य काढले. तिची हकीकत वाचताना बंदिवास कुठे संपतो आणि वस्ती कुठे सुरू होते हे ठरवणे अवघड होते. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते आणि पतितपावन मंदिर १९३१ चे. 'माझी जन्मठेप' १९२७ मध्ये पुस्तकरूपाने निघाले तेव्हा लेखक रत्नागिरीत होता, पण पुस्तकात आहे अंदमान. लेखकाला गावात कोंडता येते, त्याच्या पुस्तकाला नाही.

समुद्रावरून आलेल्यांविषयी थोडक्यात. 'पेरिप्लस' हे पहिल्या शतकातले ग्रीक प्रवासवर्णन या किनाऱ्यावरच्या बंदरांची नावे देते. त्यातले दाभोळ कोणते आणि जयगड कोणते यावर विद्वानांचे अजून जमलेले नाही, आणि नव्या वाचकाने त्या वादात लवकर पडू नये. रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात दाभोळहून परतीला निघाला. राजापूरच्या इंग्रज वखारीने पन्हाळ्याच्या वेढ्यात शत्रूला तोफा पुरवल्या आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती वखार लुटून वखारवाल्यांना कैद केले. त्यांची रडगाणी इंग्रजी पत्रांत भरपूर आहेत. पैशाची चिंता आणि जिवाची भीती यांत पत्रलेखकाला पहिली अधिक छळते असे दिसते.

पुराण हवे असेल तर 'सह्याद्रिखंड' आहे. परशुरामाने समुद्र हटवून भूमी मिळवल्याची कथा आपण ऐकतो, पण ते पुस्तक हाती घेतले की लक्षात येते की त्यात जातींच्या उत्पत्तीचे वादही कसे ओतले गेले आहेत. गोव्याचे डॉक्टर आणि संशोधक जर्सन द कुन्हा यांनी १८७७ मध्ये मुंबईत ते छापले आणि तेव्हापासून त्यावर चिडणाऱ्यांची कमतरता पडलेली नाही. घराण्यांचे कुलवृत्तांत हा त्याच फळीवरचा नम्र प्रकार. लोक त्यात आपले नाव शोधतात. अभ्यासकाने त्यात कोण कुठल्या पिढीत गुहागरहून बडोद्याला, बडोद्याहून मुंबईला गेला ते पाहावे. गाव सोडण्याचा एवढा तपशीलवार हिशेब दुसरीकडे मिळणे कठीण. बायका मात्र त्यात बहुधा माहेरच्या आणि सासरच्या नावापुरत्याच उरतात.

गॅझेटियर एव्हाना उघडायला हरकत नाही. जी. डब्ल्यू. विडाल या सनदी अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची यादी 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात दिली होती, आणि गॅझेटियरच्या रत्नागिरी खंडातही त्याचा हात आहे. मासे, पक्षी, बंदरे, तरी, मुंबईच्या गिरण्यांकडे आणि पलटणीकडे जाणारी माणसे, सगळे तिथे नोंदलेले आहे. फक्त एक सावधगिरी बाळगावी. त्या काळचा रत्नागिरी जिल्हा बाणकोटपासून वेंगुर्ल्यापर्यंत होता. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्यामुळे १८८० चे आणि १९६२ च्या सुधारित गॅझेटियरचेही आकडे आजच्या जिल्ह्याशी थेट ताडून पाहू नयेत. याच कारणाने आरवलीचे जयवंत दळवी आणि वेंगुर्ल्याचे खानोलकर या लेखकांना जुन्या सूच्यांत रत्नागिरीचे म्हटलेले आढळते.

ही पुस्तके मिळवायची कुठे? रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे आहे, पेशवाई बुडून जेमतेम दहा वर्षे झाली होती तेव्हाचे. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. वाशिष्ठीच्या पुराने २००५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये त्याचे हजारो ग्रंथ भिजवले. ज्या जिल्ह्याची पुस्तके बाहेर लिहिली गेली, त्या जिल्ह्यात ती सांभाळणारी माणसे दोनशे वर्षे टिकून आहेत, याची नोंद कुठल्याच साहित्येतिहासात ठळकपणे नाही.

गावात राहिलेल्यांचे लेखन आता वेगळ्या वाटेने येऊ लागले आहे. दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीच्या लेण्यांवर म. न. देशपांडे यांचा पुरातत्त्व खात्याचा ग्रंथ १९८६ मध्ये आला, आणि सरकारी प्रकाशन असूनही तो वाचनीय आहे. पण सड्यावरच्या कातळशिल्पांचे काम सुरू झाले ते सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या स्थानिकांच्या पायपिटीतून. गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारत, जांभ्यावर पाणी ओतून रेषा उजळत त्यांनी शेकडो आकृती नोंदवल्या. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यात राजापूर तालुक्यातले बारसू आहे, आणि त्याच बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून आंदोलन पेटले. कशेळीचा महाकाय हत्तीही त्याच यादीत आहे. त्याच कशेळीत कनकादित्याचे देऊळ आहे आणि शिलाहार राजा दुसरा भोज याचा ११९१ चा ताम्रपट आहे. तो ताम्रपट ब्राह्मणांच्या भोजनासाठी गाव लावून देतो. हत्ती कुणी कोरला, कधी, कशासाठी, याबद्दल तो काही सांगत नाही. नव्या अभ्यासकाला काम हवे असेल तर ते तिथे पडले आहे, आणि त्यासाठी मुंबईला जाण्याची गरज नाही.